गुडघा बदलायचा कधी, थांबायचं कुठवर?



वर्षावासातलं ग्रंथवाचन संपलं की विहारात एक गोष्ट दरवेळी दिसते. लहान पोरी टुणकन उठून पळतात. पन्नाशीपुढच्या बायका मात्र आधी एक हात जमिनीवर टेकतात, मग दुसरा हात शेजारणीच्या खांद्यावर ठेवतात आणि "अगं आई गं" म्हणत उठतात. काही जणींनी तर पंचांग प्रणाम करणंच सोडलंय. मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि तिथूनच हात जोडतात. विचारलं तर म्हणतात, "सिस्टर, गुडघ्याच्या वाट्या झिजल्यात. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. करू का नको?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कुणाला मी "आता थांबू नका" म्हणते, कुणाला "एवढ्यात नको" म्हणते. ते कशावरून ठरवायचं, हे या वेळच्या पानात सांगते.

दोन बायका, दोन चुका

पहिली माझी स्वतःची आई. पस्तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन तिनं विड्या वळल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. आई म्हणाली, "पोराचं लग्न होऊ दे." लग्न झालं. मग घराचे पत्रे बदलायचे होते. मग बहिणीचं बाळंतपण आलं. मी नर्स, पण घरात माझंही कुणी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही जोर लावला नाही. आठ वर्षं अशीच गेली. तोवर पाय धनुष्यासारखे वाकले, मांडीचा स्नायू सुकला, चालणं बंद झाल्यामुळं वजन वाढलं, शुगर लागली. शेवटी ऑपरेशनला नेलं तर भुलीचे डॉक्टर म्हणाले, आधी शुगर आणि हृदय बघून घ्या. त्यात आणखी वर्ष गेलं. एका पायाचं ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पण चाल पहिल्यासारखी आली नाही. ऑपरेशन वाईट झालं नव्हतं. आम्हीच उशिरा गेलो होतो.

दुसरी आमच्याच गल्लीतली, वय सत्तेचाळीस. मोफत तपासणी शिबिरात गेली. तिथं तिला सांगितलं, "वाटी संपली, आठ दिवसांत ऑपरेशन करून टाकू." घरच्यांनी दागिने मोडायची तयारी केली. ती एक्स-रे घेऊन माझ्याकडं आली. दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवला तर ते म्हणाले, झीज सुरुवातीची आहे, ऑपरेशनचं नावही काढू नका. व्यायाम केला, आठ किलो वजन उतरवलं, विड्या वळायला खुर्ची-टेबल घेतलं. आज ती स्वतःच्या पायानं मंगळवारच्या बाजाराला जाते.

एकीनं फार उशीर केला, दुसरीची फार घाई होणार होती. आपल्याला मधली वेळ ओळखायची आहे.

गुडघ्यात होतं काय?

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथं भेटतात तिथं दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. त्यामुळं हाड हाडावर घासत नाही. वय, वजन, जुना मार आणि वर्षानुवर्षं गुडघा पूर्ण दुमडून बसणं यांनी हा थर झिजतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. त्यात आपल्या बायकांची कामं बघा. विड्या वळणं, धुणीभांडी, फरशी पुसणं, नळावरून घागर उचलणं, चुलीपुढं बसणं, शौचाला उकिडवं बसणं. सगळी कामं गुडघा दुमडूनच.

सोलापुरात हजारो बायका विडी कामगार आहेत. दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या तर मांडी मोडायला वेळच मिळत नाही. म्हणून "म्हातारपण आलं" एवढंच म्हणून हे दुखणं सोडून देऊ नका. निम्मं दुखणं कामानं दिलेलं आहे, आणि काम करायची पद्धत बदलता येते.

एक सूचना. प्रत्येक गुडघेदुखी म्हणजे झीज नव्हे. दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी तासभर अंग आखडतं, तर तो आमवाताचा वेगळा आजार असू शकतो. चिकुनगुनियाच्या तापानंतरही सांधे महिनोन् महिने दुखतात. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथं वाट बघणं धोक्याचं आहे.

ऑपरेशनच्या आधीची पायरी

झीज ठरली तरी आधी तीन महिने मनापासून हे करून बघा.

मांडीचा व्यायाम: हा सगळ्यात मोठा उपाय आणि बिनपैशाचा. पाय सरळ पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्यानं खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. मग खुर्चीवर बसून एक पाय सरळ समोर उचला, पाच मोजा, खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. सुरुवातीला थोडं दुखेल, त्यानं झीज वाढत नाही.

वजन: शरीराचं एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. पाच किलो उतरवले तर वीस किलोचं ओझं खाली ठेवल्यासारखं.

बसणं: जमिनीवरून खुर्चीवर या. विड्यांचं सूप टेबलावर किंवा उंच पाटावर ठेवा. भाजी उभ्यानं चिरा. शौचालयात कमोड बसवणं जमत नसेल तर मधे भोक असलेली कमोडची खुर्ची भारतीय भांड्यावर ठेवता येते.

काठी: दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बायका काठीला लाजतात, म्हणतात, "लोक म्हातारी म्हणतील." १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपले बाबासाहेब हातात काठी घेऊन, नानकचंद रत्तूंच्या खांद्याचा आधार घेत धम्मदीक्षेच्या मंचावर आले. त्यांना मधुमेह होता, पाय दुखत होते. काठीनं त्यांचा मान कमी झाला नाही. मग आपल्याला लाज कसली?

औषध: दुखण्यावर लावायचं जेल आधी वापरा. पोटातल्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानं आणि थोडे दिवस. मेडिकलमधून रोज दोन गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड खराब होतं, बीपी वाढतो. गुडघ्यासाठी गोळ्या खाऊन डायलिसिसवर गेलेल्या बायका मी वॉर्डात बघितल्या आहेत. बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहा. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आठ दिवसांत आराम पडतो, आणि पुढं हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते.

गुडघ्यातलं इंजेक्शन: डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्यानं काही आठवडे आराम मिळतो. झिजलेली कूर्चा त्यानं परत येत नाही. आणि हे इंजेक्शन घेतल्यापासून निदान तीन महिने गुडघा बदलण्याचं ऑपरेशन करू नये, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनची तारीख घेताना इंजेक्शनची तारीख लपवू नका.

मग वेळ आली हे कसं ओळखायचं?

एक्स-रेवर झिजेच्या चार पायऱ्या धरतात. एक-दोन म्हणजे सुरुवात, चार म्हणजे हाड हाडाला लागलं. एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपवून काढला तर खरी झीज दिसत नाही. पण नुसत्या एक्स-रेवर ऑपरेशन ठरत नाही. चौथी पायरी असूनही काही जणींना फार दुखत नाही. म्हणून एक्स-रेबरोबर स्वतःला हे प्रश्न विचारा:

१. दुखण्यानं रात्री झोप मोडते का?
२. घरातल्या घरात चालणं, संडासला जाणं, अंघोळ करणं यासाठी दुसऱ्याचा आधार लागतो का?
३. पाय वाकडा होत चाललाय का? गुडघा सरळ व्हायचा बंद झालाय का?
४. व्यायाम, वजन, काठी, औषध हे सगळं तीन ते सहा महिने नीट करूनही फरक नाही का?
५. दुखण्यापायी कामावर, नातेवाइकांकडं, विहारात जाणं सुटलं का?

एक्स-रेत झीज जास्त आहे आणि यातल्या तीन-चार प्रश्नांचं उत्तर "हो" आहे, तर वेळ आली असं समजा. मग "आणखी दोन वर्षं ढकलू" म्हणण्यात फायदा नाही. पाय जास्त वाकडा झाला आणि स्नायू सुकला की ऑपरेशन अवघड होतं आणि त्याचा गुणही कमी येतो. उत्तरं बहुतेक "नाही" असतील तर कुणी कितीही घाई केली तरी थांबा. पाणी वाहून जाईल अशी ही गोष्ट नाही. गुडघा बदलणं हे ठरवून, तयारी करून करायचं ऑपरेशन आहे.

वयाचा हिशेब

बायका विचारतात, "मी साठीची, मला झेपेल का?" अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला. पुढच्या वर्षी उजवा बदलला. तेव्हा ते पंचाहत्तरीत होते आणि नंतर ते देशाचा कारभार बघत राहिले. नुसतं वय आडवं येत नाही. हृदय, शुगर, रक्त कसं आहे ते बघतात. त्यांच्याही दोन गुडघ्यांमध्ये काही महिने अंतर होतं हे ध्यानात घ्या. हृदयाचा त्रास असलेल्या, वय झालेल्या बाईचे दोन्ही गुडघे एकाच वेळी करायचा आग्रह धरू नका.

दुसऱ्या बाजूनं, फार लवकर केलं तर बसवलेला सांधाही कधीतरी झिजतो. परदेशातल्या मोठ्या नोंदींवरून दिसतं की बसवलेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात. सत्तरीनंतर ऑपरेशन झालं तर तो सांधा बहुतेक जन्मभर पुरतो. पन्नाशीच्या सुरुवातीला केलं तर पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता बरीच जास्त. दुसऱ्यांदा करायचं ऑपरेशन मोठं, महाग आणि त्रासाचं असतं. म्हणून चाळिशी-पन्नाशीच्या बाईनं आधीच्या पायरीवरचं सगळं करून बघितल्याशिवाय टेबलावर जाऊ नये.

ऑपरेशननं काय मिळतं, काय मिळत नाही

मिळतं ते असं: रात्रीची झोप, सरळ पाय, बिनदुखण्याचं चालणं, जिने चढणं. बहुतेक बायका खूश असतात. पण शंभरातल्या दहा ते वीस जणी म्हणतात की मनासारखा गुण आला नाही. शंभरात एक-दोघींना सांध्यात जंतुसंसर्ग होतो, आणि तो बरा करणं अवघड असतं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ ठेवण्याचं औषध देतात. हे सगळं सही करण्याआधी विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मिळत नाही ते नीट ऐका. बदललेल्या गुडघ्यानं मांडी घालून, उकिडवं किंवा गुडघ्यावर बसायचं डॉक्टर बहुतेकदा नको म्हणतात. म्हणजे जमिनीवर बसून विड्या वळणं पुन्हा नाही. "ऑपरेशन झालं की पहिल्यासारखं कामाला लागेन" या आशेवर जाऊ नका. खुर्ची-टेबल आणि कमोड आधी करा, ऑपरेशन नंतर.

जाण्याआधीची तयारी

रक्त तपासा. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी वाढवा. आपल्या बायकांत हे फार असतं. शुगर ताब्यात आणा. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाची चिखली किंवा जखम असेल तर आधी बरी करा, कारण तिथले जंतू रक्तातून सांध्यात जातात. मिश्री आणि तंबाखू बंद करा. तंबाखूनं जखम भरायला उशीर लागतो. मांडीचा व्यायाम आधीपासून चालू ठेवा.

आणि घराची तयारी. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीच बहुधा वॉकर धरून उभं करतात. काही दिवसांत घरी सोडतात. दोन आठवड्यांनी टाके निघतात. पहिले सहा आठवडे स्वयंपाक, पाणी, धुणं दुसऱ्यानं करायचं असतं. तीन महिने व्यायाम चुकवायचा नसतो. गुडघ्याखाली उशी ठेवून पाय वाकडा ठेवू नका. आराम वाटतो, पण गुडघा तसाच आखडतो. पोटरी सुजली, दम लागला, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर लगेच रुग्णालयात जा.

म्हणून तारीख घेण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि विचारा, सहा आठवडे भाकरी कोण करणार? नळाचं पाणी कोण भरणार? नुसतं सुनेकडं बघू नका. नवऱ्याला आणि मुलांनाही हात आहेत. विडीची मजुरी बुडणार असेल तर तेवढ्या दिवसांचा खर्च आधी बाजूला काढा. घरातली ही मदत ठरली नाही तर चांगलं झालेलं ऑपरेशनही वाया जातं. तिसऱ्या आठवड्यात घागर उचलणारी बाई मी बघितली आहे.

पैसा

सांध्याच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं ती लावली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा आधी सरासरी १ लाख ५८ हजारांना मिळायचा, त्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४ हजार ७२० रुपये ठरली. टायटॅनियमसारख्या खास धातूच्या सांध्याची ७६ हजार ६०० ठरली. नंतर आकड्यात थोडा फरक होत गेला, पण नियम तोच आहे. रुग्णालयानं बिलात सांध्याची किंमत, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर वेगळा लिहिला पाहिजे. ते स्टिकर मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढं काही झालं तर तोच पुरावा.

दुसरं म्हणजे योजना. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं सोलापूर होतं. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती सर्व रेशन कार्डधारकांना लागू करायचं ठरलं आणि आयुष्मान भारतसह कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात योजनेतून होतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा किंवा १५५३८८ या नंबरवर फोन करा. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि एक्स-रे सोबत न्या. मंजुरी येण्याआधी कुणाला रोख पैसे देऊ नका. सावकाराकडं किंवा बचत गटाकडं जाण्याआधी सिव्हिलच्या हाडांच्या ओपीडीत केसपेपर काढून दुसरं मत घ्या. दुसरं मत घेतल्यानं डॉक्टरचा अपमान होत नाही.

निर्णय कुणाचा?

ओपीडीत मी कायम बघायची. बाई स्टुलावर बसलेली आणि डॉक्टर बोलतायत तिच्या मुलाशी. मुलगा म्हणतो, "बघू साहेब, दिवाळीनंतर." बाई गप्प. गुडघा तिचा, रात्र ती जागून काढते, आणि तारीख मात्र ठरवतात घरातले बाकीचे. माझ्या आईचं हेच झालं. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं कुणाला सांगितलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाताना वरचे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या. स्वतः बोला. "करायचं" म्हणायचं असेल तर म्हणा, आणि "आत्ता नाही" म्हणायचं असेल तर तेही ठणकावून म्हणा.

विहाराच्या कमिटीलाही एक विनंती. मागच्या रांगेत आठ-दहा चांगल्या खुर्च्या ठेवा, पायऱ्यांना लोखंडी कठडा लावा आणि आवारातल्या संडासात एक कमोड बसवा. वर्गणीतून होण्यासारखी कामं आहेत. आणि खुर्चीवरून वंदना करणाऱ्या बाईला पुढं बसू द्या. तिला मागं बसवायचं काही कारण नाही.

जय भीम.